आपण दोघं म्हणजे नक्की कोण?

शकुन जांबेकरला शेजारच्या माणसाचा राग आला तेव्हा एस.टी.नं बडनेराही ओलांडलं नव्हतं. एप्रिल निम्मा सरलेला, सकाळचे जेमतेम साडेआठ, तरी खिडकीतला वारा भट्टीवरून उठून आल्यासारखा. आणि हा मनुष्य मांडीवर कूलरचा पंखा घेऊन गाढ झोपला होता. पंखा म्हणजे पुरा पंखा, तीन पात्यांचा, मोटरीसकट. गाडीनं गचका दिला की एक पातं शकुनच्या कोपराला टोचायचं.

दोनदा खाकरून झालं, तीनदा ‘अहो’ म्हणून झालं. शेवटी तिनं धाकट्या बहिणीला, चंदाला फोन लावला आणि कोरकूत सुरू झाली. एस.टी.त कोरकूत बोलण्याचा मोठा फायदा असतो. पन्नास माणसांत बसून एकांत मिळतो.

“शेजारी एक ध्यान बसलंय,” ती म्हणाली. (हे कोरकूत. या गोष्टीत जे कोरकूत बोललं गेलं ते मी सरळ मराठीत सांगणार आहे, आणि जे वऱ्हाडीत ते वऱ्हाडीतच ठेवणार आहे. घोळ नको.) “मांडीवर पंखा आहे, आणि घाम माझ्या ओढणीला पुसतंय. तोंड असं उघडं टाकलंय की एखादी माशी इथे आत शिरेल आणि मूर्तिजापूरला उतरेल.”

चंदा पलीकडून खिदळली. आणि नेमकं तेव्हाच त्या ध्यानानं डोळे उघडले.

त्यानं शकुनकडे पाहिलं... पाहतच राहिला. डोळे चांगले होते, हे तिनं पुढे कबूल केलं. त्या वेळी ती फक्त दचकली होती. मग त्यानं ओठ ओले केले आणि डोंगरातल्या माणसाच्या स्वच्छ, सुरेख उच्चारात एक छोटंसं कोरकू वाक्य म्हटलं.

शकुनचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला.

“काय म्हटलं तुमी?” तिनं फोन बंद करत विचारलं.

“तुमी आत्ता फोनवर बोलत होत्या... ते कोरकू होय ना?”

“हो. मंग?”

“मंग मी बी कोरकूतच बोललो,” तो उजळून म्हणाला. “कश्या हा तुमी, असं विचारलं.”

“तसं नाई विचारलं.”

“मंग?”

“तुमी मले शेंबूड पुसायले सांगतलं.”

 मग त्यानं पंख्याचं पातं उगीच फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं.

“माही माय म्हणे,” तो म्हणाला. “रोज सकाळी शाळेत धाडताना. दोन्ही हातानं थोबाड धरे माहं अन् हे म्हणे. मी नऊ वर्षांचा होतो तवा ती गेली. बाप अकोल्यात आल्यावर आपली बोली बोललाच नाई, लोकं हासत म्हणून. मले वाटे, ती ‘माह्या राजा’ म्हणते... असं काईतरी असन.”

 आणि तो एकदम हसायला लागला. असा हसला की पुढच्या सीटवरचे आजोबा वळून बघायला लागले.

“म्हणजे अख्ख्या भाषेतलं एकच वाक्य हाय माह्यापाशी,” तो डोळे पुसत म्हणाला, “अन् ते शेंबडाचं!”

डोळे हसण्यानं ओले झाले होते की दुसऱ्या कशानं, हे शकुनला कळलं. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. “हे घ्या. ह्याले डा म्हणते. डा म्हणजे पानी. आता दोन गोष्टी झाल्या तुमच्यापाशी.”

“डा,” तो म्हणाला. घोट घेतला. “डा.” पुन्हा घेतला. बोरगाव मंजू येईपर्यंत त्यानं बाटली संपवली.

त्याचं नाव श्याम कासदेकर. अकोल्यात कूलर दुरुस्तीचं दुकान. आदल्या दिवशी अमरावतीला पंखा आणायला गेला होता. उतरताना त्यानं हळूच विचारलं, “तुमी फोनवर माह्याबद्दल काय बोलत होत्या?”

“तुमच्याबद्दल? नाई बाप्पा. ऊन भल्लं हाय म्हणत होती.”

*

आता शकुनबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची पंचाईत कळायची नाही.

शकुन वलगावच्या शाळेत शिक्षिका. वय अठ्ठावीस. घर अमरावतीला, तपोवनाच्या रस्त्याला. मेळघाटातून कामासाठी खाली उतरलेली कितीतरी कोरकू कुटुंबं अमरावतीत आणि अकोल्यात स्थिरावली होती, आणि त्यांच्या घरातून बोली हळूहळू निघून चालली होती. आईबाप बोलत, मुलं नुसती ऐकत, नातवंडं ऐकतही नसत. म्हणून शकुननं रविवारचे वर्ग काढले होते. एक रविवार अमरावती, एक रविवार अकोला. फळा, खडू, आणि येतील तितके लोक.

इथवर ठीक होतं. पण सहा वर्षांपूर्वी समाजाच्या मेळाव्यात तिला भाषण करायला उभं केलं, आणि बाविसाव्या वर्षी माणसाच्या हातात माइक द्यावा की नाही हा विचार कुणी केला नाही. भाषणाच्या शेवटी शकुननं मूठ वर करून जाहीर केलं: “ज्याला आपल्या बोलीत लग्नाची बोलणी करता येत नाही, त्याच्याशी मी लग्न करणार नाही!” टाळ्यांचा कडकडाट. ती चित्रफीत सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर गेली. अजून दर जागतिक मातृभाषा दिनाला कुणी ना कुणी ती पुन्हा पाठवतं.

आणि तिचे वडील नत्थुजी जांबेकर यांनी ते भाषण कायदा म्हणून लावून धरलं. नत्थुजी वनखात्यातून निवृत्त झालेले, ताठ, कमी बोलणारे. त्यांना मोकळं हसताना आजवर फक्त त्यांच्या बायकोनं पाहिलं होतं, तेही एकदाच, आणि पार्वताबाईंना ती तारीख पाठ होती. लहानपणी वर्गात कोरकू बोललं म्हणून त्यांना बाकावर उभं केलं जायचं. त्या धसक्यानं ते थोरल्या मुलाशी हट्टानं मराठीतच बोलले. तो आता पुण्याला असतो, आणि त्याची पोरं आजोबांशी बोलताना दर वाक्याला बापाकडे अर्थ विचारतात. मुलींच्या वेळी नत्थुजींनी चूक सुधारली, आणि आता जावयांच्या बाबतीत ती दुप्पट सुधारायची असं ठरवलं.

तीन स्थळं येऊन गेली. पहिला इंजिनीअर, दोन पानं पाठ करून आला होता. पार्वताबाईंनी पाणी देऊ का विचारलं तेव्हा त्यानं दुसरं पान म्हटलं. दुसऱ्याला बोली येत होती, पण ‘चारचौघांत बरी नाही दिसत’ म्हणाला. नत्थुजी उठून परसात गेले ते पाहुणे जाईपर्यंत आलेच नाहीत. तिसरा नीट बोलला, अगदी शेवटपर्यंत, आणि दारात चप्पल घालताना ‘ओके, थँक्यू’ म्हणाला.

शकुनला या तिघांचं काही वाईट वाटलं नव्हतं. अट तिचीच होती, आणि तिला ती पटतही होती. पटत होती म्हणजे, त्या एस.टी.च्या रविवारपर्यंत.

*

एस.टी.त शकुननं अकोल्याच्या वर्गाचा पत्ता दिला होता. पुढच्या वर्गाला श्याम अर्धा तास आधी हजर. हातात पाने-पक्कड, खांद्यावर गवताचा गठ्ठा. वर्ग भरायचा त्या समाजमंदिरातला कूलर दोन उन्हाळे बंद होता. त्यानं जाळ्या उघडल्या, जुनं गवत काढलं, नवं भरलं, पंप बसवला आणि टाकीत बादल्या ओतताना प्रत्येक बादलीला मोठ्यानं म्हणाला, “डा! डा! डा!”

कूलर सुरू झाला. ओल्या गवताचा वास हॉलभर पसरला, आणि अंगावर पाण्याचे बारीक थेंब उडाले. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि आत एकाएकी श्रावण. शकुनच्या फळ्यावरची अक्षरं ओली झाली. तिनं ती पुसून पुन्हा लिहिली, आणि पुन्हा लिहिताना चुकली. खडूला बोल लावला.

वर्गात त्या दिवशी पाच जण. त्यांत बेबीताई बेठेकर, सरकारी दवाखान्यात नोकरीला, वय पन्नास, जिभेला लगाम नाही. त्यांना बोली अर्धीमुर्धी येत होती. बाकी अर्ध्या वेळात त्या वर्गावर नजर ठेवून असायच्या.

“आज ‘आमी’ शिकायचं,” शकुन म्हणाली. “मराठीत पाहा, ‘आमी चहा पेतो’ म्हटलं तर समोरच्याले चहा नाई. ‘आपन चहा पेऊ’ म्हटलं तर समोरच्याले हाय. बरोबर?”

“बरोबर,” बेबीताई म्हणाल्या. “मंग चहा हाय का?”

“आधी ऐका. आपल्या कोरकूत हे तर हायेच, पन त्याच्या पुढचंही हाय. दोघंच असले तर त्याले येगळा शब्द.” तिनं फळ्यावर चार शब्द लिहिले. “आले, म्हणजे आमी सगळे, तुमाले सोडून. आबुंग, म्हणजे आपन सगळे, तुमीही त्यात. आलिंग, म्हणजे आमी दोघं, तुमाले सोडून. अन् आलांग...”

इथे ती थांबली. कारण श्याम पहिल्या रांगेत होता, आणि त्याच्या भुवईवर कूलरचा एक थेंब येऊन बसला होता.

“आलांग म्हणजे?” त्यानं विचारलं.

“आलांग म्हणजे... आपन दोघं. तू अन् मी. बाकी कोनीच नाई.”

“चौथा शब्द भल्ला कामाचा हाय,” बेबीताई कुणाकडेच न बघता म्हणाल्या.

श्यामला मात्र पहिला शब्दच चिकटला. काही बोलायचं झालं की ‘आले’. मध्यंतरात तो उठून मोठ्या हिमतीनं म्हणाला की आले चहा पिऊ.

“म्हणजे मले चहा नाई?” शकुननं विचारलं.

“नाई नाई! तुमाले हाय! तुमालेच हाय!”

“पन तुमी तर मले काढून टाकलं.”

“मी कायले काढू तुमाले?” तो काकुळतीला आला. “मी तर... मले तर तेच... जाऊ द्या. फळ्यावरचा दुसरा शब्द कोनता होता?”

तो गोंधळला की त्याचे कान लाल व्हायचे. शकुन शिक्षिका होती. चुका सुधारणं तिचं काम. पण इतकं खुसखुसत तिनं कुणाची चूक सुधारली नव्हती.

तिसऱ्या वर्गानंतर तो तिला बसस्टँडपर्यंत सोडायला आला. रस्ता ओस पडलेला, डांबर पायाखाली मऊ झालेलं. रसवंतीपाशी तो थांबला. घुंगरांचा छनछनाट चालू होता. वर पाटी होती: ‘ताजा उसाचा रस. आले, लिंबू टाकून मिळेल.’

श्यामनं पाटी वाचली. मग शकुनकडे पाहिलं. मग दीर्घ श्वास घेऊन रसवाल्याला म्हणाला, “भाऊ, आले नको. आलांग पायजे.”

“ते नाई आपल्यापाशी,” रसवाला म्हणाला. “अद्रक हाय.”

शकुन इतकी हसली की तिला बाकड्यावर बसावं लागलं. तोही शेजारी बसला, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. ग्लास आले. तिनं पदराचा वारा घ्यावा तशी ओढणी हलवली आणि खोट्या कडकपणानं विचारलं, “आलांग... काय? वाक्य पुरं करा. क्रियापद कुठं हाय?”

“क्रियापद पुढच्या बारीले,” श्याम ग्लासात बघत म्हणाला. “आज एवढंच हाय माह्यापाशी.”

“बरं,” शकुन म्हणाली. आणि मग, खूप हळू, “एवढंही चालते.”

*

वर्ग पंधरा दिवसांनी एकदा, आणि श्यामला तेवढा धीर नव्हता. तो फोनवर बोलून संदेश पाठवू लागला. मे महिना म्हणजे कूलरवाल्यांचा हंगाम. लोकांच्या गच्च्यांवर, शिडीवर उभं राहून तो कोरकूत बोलायचा. मागे हातोडी, पत्रा, कुणाचं तरी ‘ओ कूलरवाले!’, आणि मधे त्याचा आवाज: आज मी पाच कूलर दुरुस्त केले, एक कूलर वाईट आहे, एक बाई चांगली आहे, तिनं ताक दिलं, चांगली बाई आहे. शकुन उत्तर द्यायची: बाई चांगली असल्याचं दोनदा सांगायची गरज नाही. तो लिहायचा: व्याकरणात चुकलं का? ती लिहायची: व्याकरणात नाही.

महिनाअखेरीस एका संध्याकाळी, शकुन कणीक मळत असताना, फोन वाजला.

“मॅडम, लग्नाले काय म्हणते आपल्यात?”

तिनं सांगितलं. हाताला कणीक तशीच.

“अन् ‘करणार हाओत’ ले?”

तेही सांगितलं. त्यानं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. पाच मिनिटांनी संदेश आला. या वेळी मागे हातोडी नव्हती, पत्रा नव्हता. दुकान बंद करून बसला असावा.  “आलांग...” तो म्हणाला, आणि पुढे लग्न, आणि पुढे क्रियापद. आपण दोघं लग्न करणार आहोत. एकही चूक नाही. मग वऱ्हाडीत: “सराव करून राह्यलो होतो, मॅडम... म्हणजे... सराव बी हाय.”

शकुननं तो संदेश सात वेळा ऐकला. कणकेला वाळून पापुद्रा आला. मग तिनं उत्तर लिहिलं. खूप काही लिहिता आलं असतं. पण सवय शिक्षिकेची. तिनं लिहिलं: “वाक्य बरोबर आहे.”

आठव्यांदा ऐकायला तिनं बटण दाबलं तेव्हा मागे पार्वताबाई उभ्या होत्या.

“कोण बोलतो हा?” आईनं कोरकूत विचारलं. “बोलणं नव्या पोपटासारखं आहे.”

शकुन रडवेली झाली. मग तिनं सगळं सांगितलं. एस.टी., शेंबूड, कूलर, रस. “आणि आई, त्याला अजून येत नाही गं. दीड महिन्यात किती येणार? बाबा उठून परसात जातील.”

“अट कुणाची?” पार्वताबाईंनी विचारलं.

“माझी,” शकुन म्हणाली, आणि तिला खरंच रडू आलं. अट मागे घ्यावी तर सहा वर्षं ज्यांना शिकवलं त्यांना तोंड कसं दाखवायचं? आणि न घ्यावी तर हा माणूस हातचा जाणार. दुसरा कुणी नको होता तिला. हे तिनं आईला सांगितलंही, स्पष्ट, नाक ओढत.

पार्वताबाईंनी रात्रीच्या जेवणात नवऱ्याच्या कानावर घातलं. नत्थुजींनी भाकरीचा तुकडा संपवला. “येत्या रविवारी येऊ दे,” ते म्हणाले. “अट आहे ती आहे. एक शब्द मराठी आला, तर मी उठलो.”

शकुननं श्यामची तयारी करून घेतली. चार दिवस, फोनवर. नाव, गाव, काम, आईबाप. आणि शेवटी लग्नाचं.

“लग्नाचं कोनतं वाक्य?” त्यानं विचारलं.

“तेच... तुमी पाठवलं होतं ते,” शकुन लाजून म्हणाली. “ते छान जमते तुमाले. रोज म्हणत जा.”

तो रोज म्हणायचा. ती रोज ऐकायची, डोळे मिटून. सहा वर्षं फळ्यावर हेच चार शब्द लिहिणारी ही बाई, पण तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही की हे वाक्य म्हणायचं कुणासमोर आहे. प्रेमात पडलेल्या शिक्षिकेला वह्या तपासायला देऊ नयेत, एवढंच मी म्हणेन.

*

रविवारी श्याम आला. पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा. नत्थुजी खुर्चीत. बेबीताईंना कुणी बोलावलं नव्हतं तरी त्या अकोल्याहून आल्या होत्या, ‘आमच्या वर्गाचा पोरगा हाय’ म्हणून.

बैठकीत कूलर होता. जुना, आणि त्याचा पंखा पिंजऱ्याला घासत असल्यामुळे आवाज असा की शेजाऱ्यांनाही गार वाटावं. श्यामची नजर दोनदा तिकडे गेली. शकुननं डोळ्यांनी दटावलं: आत्ता नाही!

त्यानं हात जोडले आणि सुरुवात केली. नाव सांगितलं. काम सांगितलं. आजोबांचं गाव मेळघाटात कुठे होतं ते सांगितलं. अडखळत, थांबत, पण कोरकूत. नत्थुजींचा चेहरा दगडी. पार्वताबाईंनी पाणी हवं का विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “डा, हो,” आणि पहिल्या इंजिनीअरच्या पुढे गेला.

मग तो सरसावून बसला. नत्थुजींच्या डोळ्यांत डोळे घातले आणि ते वाक्य म्हटलं.

“काय?” नत्थुजी कानाला हात लावून म्हणाले. कूलर घरघरत होता.

श्यामनं जरा मोठ्यानं म्हटलं.

शकुनच्या आत्ता ध्यानात आलं. आलांग! तो बाबांना आलांग म्हणत होता! तिच्याशी बोलताना अगदी बरोबर, बाबांशी बोलताना... तिनं हात हलवले, ओठांनी ‘आलिंग, आलिंग’ केलं. श्यामला वाटलं, आवाज आणखी वाढव म्हणतेय.

“काय म्हणतोस?” नत्थुजींनी पुन्हा विचारलं.

श्यामनं छातीत हवा भरली. आणि तो तोंड उघडतो न उघडतो तोच पार्वताबाईंनी उठून कूलर बंद केला. त्या एकदम पडलेल्या शांततेत त्याचा आवाज घरभर, अंगणभर घुमला:

“तुम्ही आणि मी, आपण दोघं, लग्न करणार आहोत!”

 बेबीताईंनी पदर तोंडात कोंबला.

नत्थुजींनी बायकोकडे पाहिलं. मग श्यामकडे. “मुला,” ते गंभीरपणे म्हणाले, “तू चांगला दिसतोस. पण माझं एकदा झालंय.”

आणि ते हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग वनखात्याचा तो ताठ माणूस खुर्चीत वाकडातिकडा होऊन हसू लागला. पार्वताबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून तारीख लक्षात ठेवली. नत्थुजींच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि थांबता थांबेना.

श्यामला काही कळत नव्हतं. एवढंच कळलं की बिघडलंय. मराठीत माफी मागता येत नाही. ती आली की संपलं. कोरकूतलं पाठ केलेलं सगळं उडून गेलेलं. त्यानं शकुनकडे पाहिलं, तिचे डोळे भरलेले. तो उठला, नत्थुजींजवळ गेला, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे सगळ्यात खोलवरचं असतं ते निघालं. त्याचं एकुलतं एक वाक्य. लहान मुलाला म्हणतात तसं, एकेरीत, मायेनं.

नत्थुजींचं हसू थांबलं.

त्यांनी मुकाट्यानं उपरणं उचललं आणि नाक पुसलं.

“हे कुणी शिकवलं तुला?” त्यांनी विचारलं. आवाज वेगळाच होता. “हिनं नाही. हिचे उच्चार मास्तरणीचे आहेत. हे पुन्हा म्हण.”

श्यामनं पुन्हा म्हटलं.

“माझी आई असंच म्हणायची,” नत्थुजी म्हणाले. “अगदी असंच, शेवटी सूर वर नेऊन.” मग त्यांनी उपरण्याची घडी केली. “बाकीचं हा शिकलाय. चुकतोय. चुकू दे. पण हे शिकलेलं नाही. हे त्याच्या घरचं आहे.”

शकुन उभ्या उभ्या रडत होती, आणि बेबीताई तिच्या पाठीवर जरा जास्तच जोरात थोपटत होत्या.

“पूर्वी आपल्यात मुलगा सासऱ्याच्या घरी राबायचा, मग मुलगी मिळायची,” नत्थुजी श्यामला म्हणाले, सावकाश, त्याला कळेल असं. “त्याला लमझना म्हणायचे. आता माझ्याकडे शेत नाही. हा कूलर आहे. दर रविवारी यायचं, आणि माझ्याशी बोलायचं. ज्या दिवशी तुला माझ्याशी कोरकूत भांडता येईल, त्या दिवशी तारीख धरू.”

श्यामला यातलं निम्मं समजलं. कूलर मात्र नक्की समजला. त्यानं खिशातून पाना काढला.

*

तासाभरानं तो निघाला तेव्हा कूलर अगदी चूप चालत होता. शकुन फाटकापर्यंत आली. त्याचा पांढरा शर्ट पाण्यानं आणि गंजानं माखलेला, केसांत गवताची काडी.

“मी तुह्या बापाले मागणी घातली,” तो म्हणाला. त्याला आता सगळं कळलं होतं.

“माही चूक हाय,” शकुन म्हणाली. “दुसरा शब्द तुमाले मी कधी म्हणूच दिला नाई. मले... मले तोच ऐकू वाटे.”

“शिक्षिका असून?”

“शिक्षिका असून.” तिनं हात वर करून त्याच्या केसांतली काडी काढली. हात परत न्यायला जरा उशीर केला.

“मंग आता नीट सांग बरं,” श्याम हळूच म्हणाला. “लोकायले सांगायचं तर?”

“आलिंग. आमी दोघं.”

“अन् तुले सांगायचं तर?”

ती काडी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“आलांग,” तो म्हणाला.

खिडकी उघडीच होती, आणि कूलरचा आवाज आता राहिलाच नव्हता. आतून नत्थुजी कोरकूत ओरडले, “क्रियापद कुठे आहे?”

श्यामनं शकुनकडे पाहत क्रियापद लावलं. आतून कुणीच त्यात चूक काढली नाही.